शेठ वालचंद हिराचंद आणि त्यांची बांधकामाची पेढी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका कर्त्या पुरुषाचे चरित्र देण्याचा परिपाठ आहे. या वर्षी ज्यांचे चरित्र आम्ही देत आहोत ते शेठ वालचंद हिराचंद आपल्या ज्ञातीचे नव्हेत आणि आपल्या मुलखाचेही नव्हेत. ते सोलापूरचे दिगंबर जैन. तरीही त्यांची निवड करण्यास सबळ कारण आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या टापूतील आपल्या अनेक कुटुंबांतली तरुण मंडळी धानाच्या शेतीला जोड म्हणून रस्त्यांची, मोऱ्यांची व रपट्यांची कंत्राटे घेऊ लागली आहेत. दोघे भाऊ किंवा चुलते-पुतणे एकत्र येतात. घरचा ट्रॅक्टर, घरातल्या बाईचे दागिने आणि सोसायटीचे कर्ज यांच्या बळावर पेढी उभी राहते. आणि दुसरा-तिसरा पावसाळा उलटतो न उलटतो तोच हिशेबाच्या वहीवरून एका घरात दोन चुली पेटतात. ज्ञातीच्या बैठकीत तंटे मिटवावयास बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको. अशा वेळी, घरच्याच भांडवलावर सुरू झालेली एक पेढी शंभर वर्षे कशी टिकली व कशी वाढली, हे पाहणे आपणा सर्वांच्या उपयोगाचे होईल असे आम्हास वाटते.

शेठ वालचंदांचे नाव निघाले की लोक जहाज, विमान व मोटार या तीन वस्तूंची आठवण काढतात. शाळेच्या पुस्तकांतही तेच असते. आम्ही मात्र येथे मुख्यतः कंत्राटदार वालचंदांविषयी लिहिणार आहोत, कारण त्यांच्या पुढील सर्व उद्योगांचा पाया खडी, चुना, सुरुंग आणि मजूर यांच्या व्यवहारात घातला गेला होता.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, आडनाव दोशी. व्यापाराच्या निमित्ताने दक्षिणेत आलेले हे कुटुंब सोलापुरात स्थिरावले होते आणि सावकारी व कापूस यांत त्याची चांगली पत होती. वडील हिराचंद नेमचंद हे केवळ पेढीवर बसणारे गृहस्थ नव्हते. ज्ञातीत शिक्षणाचा प्रसार व्हावा, जुन्या अनिष्ट चाली जाव्यात यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली, आणि त्यासाठीच ‘जैन बोधक’ हे नियतकालिक त्यांनी सुरू केले. ज्ञातिसंस्थेचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना या वृत्तपत्री धडपडीचे मोल अधिक कळते! वालचंदांना जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातृवियोग घडला. १८९९ साली ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले. परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच घरच्या व्यापारासाठी त्यांना सोलापुरास परतावे लागले.

घरचा धंदा चालू होता, प्रतिष्ठा होती, गादीवर बसून व्याज मोजावयाचे एवढेच काम होते. परंतु या तरुणाचे मन त्यात रमेना. नेमक्या याच वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. मातीकाम कसे मोजतात, दर कसा बांधतात, साहेब लोक कोणत्या गोष्टीवरून बिल अडवितात, हे त्यांना आतून ठाऊक होते. त्यांच्याजवळ माहिती होती व भांडवल नव्हते. वालचंदांजवळ घराण्याची पत होती आणि कामाची माहिती नव्हती. दोघांनी भागीदारी केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सुमारे सात मैलांच्या तुकड्याचे काम हे त्यांचे आरंभीचे काम होय.

ही बार्शी लाइट रेल्वे म्हणजे काय, हे आपल्या भागातील वृद्धांना फोड करून सांगावयास नको. दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली ती छोटी गाडी होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने ती आखली आणि १८९७ साली तिचा पहिला भाग सुरू झाला. आपल्याकडे गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करीत चांदा फोर्टास जाणारी जी छोटी गाडी होती, तिचीही रुंदी तेवढीच. त्याच विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ती आपल्या जंगलातून धावू लागली आणि शतकाच्या अखेरीस तिचे रुळ रुंद झाले. ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला आहे त्यांनी डोळे मिटून तो भराव, त्या लहान लहान मोऱ्या व ते लाकडी स्लीपर आठवावेत. वालचंदांचे पहिले काम त्याच जातीचे होते. आरंभ इतका साधा होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता कंत्राटाच्या धंद्याचे मर्म थोडे सांगणे भाग आहे, कारण ते नीट कळल्याशिवाय या घराण्याच्या पत्तीचा अर्थ कळावयाचा नाही. व्यापारात माल घेतला, विकला, नफा-तोटा त्याच हंगामात कळला. कंत्राटात पैसा आधी जातो आणि मागाहून येतो. निविदेबरोबर अनामत रक्कम भरावी लागते. काम मिळाल्यावर अवजारे, दारू, चुना, दगड यांचा खर्च. मजुराला बाजाराच्या दिवशी चुकारा द्यावाच लागतो. त्याचे पोट सरकारी बिलाची वाट पाहात नाही. झालेल्या कामाचे माप मोजणीच्या वहीत चढते, मग वरच्या अधिकाऱ्याची तपासणी, मग बिल, मग कपात, मग खजिन्यातून पैसा. मधल्या काळात एखादा नाला फुटला आणि भराव वाहून गेला तर तो पुन्हा घालण्याचा खर्च कंत्राटदाराच्या माथी. या मधल्या काळाला जो पुरून उरतो तोच कंत्राटदार टिकतो. सोलापूरच्या दोशी घराण्याची बाजारातील पत या मधल्या काळासाठी कामास आली. घराण्याने वालचंदांना दिलेली खरी देणगी ती हीच होती असे आमचे मत आहे. रोकड कोठूनही उभी करता येते, पण पत ही पिढ्यांची कमाई असते.

फाटक-वालचंद हे जोडनाव पुढे मुंबई इलाख्यात कंत्राटदारांमध्ये ओळखीचे झाले. या नावात परक्या माणसाचे आडनाव आधी आणि पैसेवाल्याचे नाव मागाहून आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. आपल्याकडे एखादा ओव्हरसिअर किंवा जाणता मुकादम भागीदार म्हणून घेतला, तरी पाटीवर त्याचे नाव येत नाही, आणि पुष्कळदा भागीदारीच्या कागदावरही येत नाही. पहिल्या तंट्याची ठिणगी तेथेच पडते.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा वालचंद जवळजवळ छत्तीस वर्षांचे होते. देशात मोठमोठी कामे निघणार हे दिसत होते, परंतु ती मिळविण्यास एका कुटुंबाची पत अपुरी होती. रेल्वे कंपन्या व सरकारी खाती ही गोऱ्या कंत्राटदारांवर भरवसा ठेवीत. तेव्हा १९२० साली वालचंदांनी टाटांच्या घराण्याशी हातमिळवणी केली आणि टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. सोलापूरच्या जैन व्यापाऱ्याचा मुलगा आणि मुंबईचे पारशी उद्योगपती यांचा हा संबंध पुढे सुमारे पंधरा वर्षे टिकला. १९३५ मध्ये टाटा त्यातून बाहेर पडले आणि त्या कंपनीचे नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन असे झाले. एकत्र येणे जसे रीतसर झाले तसेच वेगळे होणेही रीतसर झाले. पुढच्या काळातील प्रीमियर मोटारीचे नाव लोकांना ठाऊक असते. तेच नाव त्यापूर्वी बांधकामाच्या कंपनीने धारण केले होते, हे मात्र थोड्यांस माहीत असते.

या काळातील त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे बोरघाटाचे. त्या घाटाची कथा थोडी मागून सांगितली पाहिजे. मुंबईहून पुण्यास जाण्यासाठी बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्यानंतर रेल्वे. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटाचे काम काढले. ते इंग्रज कंत्राटदारांस दिले होते. पहिल्या कंत्राटदाराच्या हातून ते निभेना. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा कंत्राटदार आला. तो येथे पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने दगावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडून न देता ते पुरे करविले. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर बाईने पेढी सांभाळली याचे असे उदाहरण आपल्याच घाटात घडलेले आहे, ही गोष्ट आमच्या भगिनींनी जरूर ध्यानात ठेवावी. काम ऐन भरात असताना सुमारे ४२,००० माणसे त्या डोंगरावर राबत होती. पंचवीस बोगदे खणले गेले. पटकी व ताप यांनी किती मजूर गेले त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत. १८६३ साली गाडी सुरू झाली.

परंतु या मार्गात एक मोठी अडचण राहून गेली होती. खंडाळ्याच्या खाली चढ इतका अवघड होता की गाडी एका आंधळ्या रुळावर नेऊन थांबवावी लागे, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास जोडावे लागे, आणि मग ती उलट दिशेने पुढील चढण चढे. साठ-पासष्ट वर्षे हा प्रकार चालला. गाड्या वाढल्या, डबे जड झाले, विजेवर गाडी चालविण्याचे ठरले, आणि हे वळण टाळून नवा मार्ग काढणे अपरिहार्य झाले. त्यासाठी जे नवे बोगदे खणावयाचे होते त्यांचे काम टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीकडे, म्हणजेच पर्यायाने वालचंदांकडे आले. सह्याद्रीचा काळा पत्थर फोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्याकडे एखादी विहीर खणताना खाली लागलेला खडक फोडून पाहिला आहे त्यांना कल्पिता येईल. त्यात पावसाळ्यात चार महिने डोंगरातून पाण्याच्या धारा, आणि शेजारच्या जुन्या मार्गावरून गाड्यांची ये-जा अखंड चालू. नवा मार्ग १९२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि गाडी उलटी फिरविण्याचा प्रकार बंद पडला. ज्या घाटाचे काम दोन पिढ्यांपूर्वी इंग्रज कंत्राटदाराखेरीज दुसऱ्याच्या हाती देण्याची कल्पनाही कोणास शिवली नसती, त्याच घाटाचे अधिक अवघड काम या देशातील माणसांनी पार पाडले. मुंबई-पुणे प्रवास करणारे आपले बांधव आजही त्या बोगद्यांतून जातात.

याच सुमारास तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या प्रचंड नळांचे काम त्यांनी केले. डोंगराळ व दलदलीच्या भूमीतून माणूस उभा मावेल असे लोखंडी नळ टाकून शहरापर्यंत पाणी पोचवावयाचे, हा कंत्राटदाराच्या कसोटीचा दुसरा प्रसंग होता. त्याचा तपशील आम्ही येथे देत नाही.

आता १९२६ या सालाकडे वळू. वालचंदांच्या चरित्रातील हे साल आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. या वर्षी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास मार्सलँड प्राइस ही मुंबईची गोऱ्या मालकीची बांधकामाची कंपनी वालचंदांच्या हाती आली. १९०८ साली नोंदलेल्या या कंपनीच्या मालमत्तेत इंदापूर तालुक्यातील कळंब येथील शेतजमीनही होती. बांधकामाच्या व्यवहारातून हाती आलेल्या या माळरानावर पुढे ऊस उभा राहिला, साखर कारखाना निघाला आणि वालचंदनगर वसले. कंत्राटाच्या धंद्याला अशी अनपेक्षित फळे येतात! मार्सलँड प्राइस हीच पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज झाली, हे सांगितले तर कित्येकांस आश्चर्य वाटेल.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन ही मर्यादित जबाबदारीची कंपनी होती. हा शब्द कोरडा आहे, पण त्यात घराचा जीव असतो. साध्या भागीदारीत एका कामात खोट आली तर सावकार भागीदाराच्या शेतावर, घरावर व भांड्याकुंड्यांवर जप्ती आणू शकतो. कंपनी वेगळी नोंदली म्हणजे तिचे देणे तिच्यापाशी राहते आणि घराचे शेत घरापाशी. शिवाय तिचे हिशेब दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाने तपासावे लागतात, त्यामुळे भावाभावांत संशयास जागा कमी राहते. घराण्याचा अधिकार कायम ठेवून हिशेबाची वही परक्यापुढे उघडी करण्याचे धैर्य वालचंदांनी दाखविले, आणि आमच्या समजुतीप्रमाणे त्यांची पेढी टिकण्याचे कारण बोरघाटापेक्षाही हे आहे. नव्या कंपनीने पंजाबात कालाबाग येथे सिंधू नदीवरील पुलाचे काम केले. सोलापूरच्या भुईकोटाच्या छायेत वाढलेल्या माणसाची पेढी तेरा-चौदा वर्षांत नव्हे, पण एका पिढीच्या आत सिंधूच्या काठावर पोचली.

त्याच १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाईप कंपनी निघाली. या कंपनीविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहोत, कारण आपल्या जंगलातील रस्त्यांशी तिचा संबंध जवळचा आहे. वॉल्टर ह्यूम नावाच्या ऑस्ट्रेलियातील एका कारागिराने १९१० साली काँक्रीटचे नळ करण्याची नवी रीत काढली. लोखंडी सळ्यांचा पिंजरा साच्यात बसवावयाचा, त्यात काँक्रीट घालून साचा आडवा वेगाने फिरवावयाचा. फिरण्याच्या जोराने काँक्रीट साच्याच्या भिंतीवर दाबले जाते, पाणी सुटे होते आणि आत पोकळ, बाहेर घट्ट असा नळ तयार होतो. कुंभाराच्या चाकाशी ज्यांची ओळख आहे त्यांस ही युक्ती समजावयास वेळ लागणार नाही. हा नळ गंजत नाही, सडत नाही आणि त्यावरून भरलेली गाडी गेली तरी सहसा दबत नाही.

आपल्या भागात रस्ता म्हणजे निम्मा पाण्याचा प्रश्न आहे. बांध्यांतून, बोडीतून व जंगलातून शेकडो लहान ओहोळ वाहतात. रस्ता म्हणजे त्यांच्या वाटेत घातलेला बांध. पाण्यास वाट न दिल्यास ते मुरूम व गिट्टी यांसकट रस्ताच घेऊन जाते. दगडी कमान बांधावयाची तर गवंडी हवा, घडीव दगड हवा, वेळ हवा. लाकडी फळ्यांची मोरी दोन पावसाळ्यांत वाळवी खाते. ह्यूम पाईप आल्यापासून दोन नळ टाकले, वर मुरूम दाबला, दोन्ही बाजूंस दगडाची भिंत घातली की मोरी तयार होऊ लागली. आता तर हे नळ अनेक कारखाने करतात, आणि खेड्यातला मुकादमसुद्धा त्यांना ह्यूम पाईप याच नावाने ओळखतो. एखाद्या परदेशी माणसाचे आडनाव अशा तऱ्हेने वैनगंगेच्या काठच्या बोलीत येऊन बसले, त्याला निमित्त शेठ वालचंदांची ही कंपनी. अर्थात नळाने सर्व प्रश्न सुटतात असे नव्हे. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस वैनगंगेला जो महापूर आला त्यात आपल्या तालुक्यातील नदीकाठच्या गावांची व रस्त्यांची काय दशा झाली ती आपण सर्वांनी पाहिली. नळाचा व्यास पाणलोट पाहून ठरवावा लागतो, हाताशी असलेल्या रकमेकडे पाहून नव्हे. आणि या बाबतीत कंत्राटदाराइतकाच अंदाजपत्रक करणाराही जबाबदार असतो, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

शेठ वालचंदांच्या इतर उद्योगांचा आढावा आता थोडक्यात घेतो. १९१९ साली नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले, आणि म्हणून तो दिवस देशात नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. सिंदिया कंपनीस ब्रिटिश जहाज कंपन्यांशी दरयुद्ध करावे लागले आणि त्यात तिला पुष्कळ सोसावे लागले. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे विमानाचा कारखाना निघाला. १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीमुळे सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. १९४२ च्या एप्रिलात त्या बंदरावर जपानी बॉम्ब पडले व काम विस्कळित झाले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडले गेले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स निघाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी मोटार कित्येक वर्षे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली आणि २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली.

या यादीवरून वालचंदांच्या स्वभावातील दोषही दिसतो, आणि चरित्रलेखकाने तो झाकू नये. एक काम पचनी पडण्यापूर्वी दुसऱ्यास हात घालण्याची त्यांना सवय होती. सरकारशी ते भांडत आणि त्याच सरकारची कामेही घेत. कर्जाचा बोजा पुष्कळदा फार वाढे व तो निभावण्याचे काम इतरांवर पडे. गादीवर बसून सबुरीने धंदा करणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांना हे धाडस अविचाराचे वाटले असेल तर त्यांना दोष देता येत नाही. आपल्यापैकी कोणी त्यांच्या धाडसाचे अनुकरण करू म्हटल्यास प्रथम त्यांच्या मागे उभे असलेले भाऊ मोजावेत एवढीच आमची सूचना आहे.

कारण भावांचा भाग या चरित्रात मोठा आहे. गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या धाकट्या बंधूंनी निरनिराळ्या कंपन्यांतील कामे उचलली. वालचंदांनी पुढे धाव घ्यावी, भावांनी मागची बाजू राखावी, अशी ही वाटणी होती. वालचंदांस स्वतःची संतती राहिली नाही. घराण्यात जो कर्ता असतो त्याच्या मुलांसाठीच पेढी, असा पेच त्यामुळे येथे उभा राहिला नाही. पुतण्यांकडे ती आपोआप गेली. काही वाचक म्हणतील की हा दैवयोग झाला, यात शहाणपण कोणते? आम्हीही तसेच म्हणतो. परंतु ज्या घरांत संतती आहे त्यांनी कर्ता पुरुष हिंडता-फिरता असतानाच कागद करून ठेवावा, हे यावरून सुचते.

१९४९ साली शेठ वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. ज्याने आयुष्यभर एका जागी बसणे जाणले नाही त्याच्या वाट्याला अंथरूण आले. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा कारभार गुलाबचंदांच्या शाखेकडे राहिला. कुटुंबातील इतर उद्योग इतर शाखांकडे गेले. या कंपनीने बंगालमध्ये गंगेवर फराक्का येथील धरणवजा बंधारा बांधला. १९७५ मध्ये कार्यान्वित झालेल्या त्या बंधाऱ्यावरून आज रेल्वेही जाते व रस्ताही जातो. केरळातील इडुक्की येथील कमानीचे धरण तिनेच बांधले. मुंबईत वांद्रे ते वरळी असा समुद्रावरून गेलेला सुमारे साडेपाच किलोमीटरचा पूल, जो ३० जून २००९ रोजी खुला झाला, तोही याच कंपनीचा. येडशी-तडवळ्याच्या मातीकामापासून हे अंतर सुमारे शंभर वर्षांचे आहे. २००४ मध्ये टपाल खात्याने शेठ वालचंदांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

सांगली येथे १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना केली होती. संस्था चालविण्यास पैसा पुरेना. तेव्हा वालचंदांच्या घराण्याने भरीव साहाय्य केले, आणि १९५५ पासून ते महाविद्यालय वालचंद कॉलेज म्हणून ओळखले जाते. बांधकाम शाखेचे शिक्षण तेथे आजही मिळते, आणि त्यास कोणत्याही ज्ञातीची अट नाही. आपल्या ज्या कुटुंबांत रस्त्याच्या कामाची पेढी आहे त्यांनी घरातील एका तरी मुलास किंवा मुलीस ही विद्या द्यावी. ब्रह्मपुरीहून सांगली लांब पडत असेल, तर नागपूर जवळ आहे. मोजणीची वही घरातल्याच माणसास वाचता आली म्हणजे मग परका भागीदार घेण्याची भीती वाटणार नाही, आणि त्याचे नाव पाटीवर आधी लिहिण्याचा संकोचही वाटणार नाही.